टंच मशीनला कसं कळतं की हे सोनंच आहे? सोन्याच्या अणूबद्दल सोप्या भाषेत सांगा

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यातलं, विट्याजवळचं. आमच्याकडची माणसं गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी देशभर पसरलीत हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. वडील पण तीस वर्षं तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतात. मूस, भट्टी, टाकणखार, तेजाबाचा तो नाकात चढणारा वास, ह्यातच आम्ही भावंडं मोठी झालो. मी मात्र कॉमर्सवाला, दहावीनंतर सायन्सशी संबंध संपला.

आता झालं असं की दुकानात टंच मशीन, म्हणजे दागिन्यात सोनं किती टक्के ते सांगणारं मशीन, घेतलं. वडिलांचा आयुष्यभराचा भरवसा कसोटीच्या दगडावर आणि स्वतःच्या डोळ्यावर. मशीनमध्ये बांगडीचा तुकडा ठेवला, झाकण लावलं, मिनिटाभरात स्क्रीनवर सोनं ९१.६, चांदी इतकी, तांबं इतकं. वडील म्हणाले, "ह्यानं ना घासलं ना वितळवलं ना तेजाबात टाकलं, मग ह्याला आतलं कळलं कसं?" मला उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं कारण ज्या धातूवर घर चाललं त्याच्याबद्दल मला काहीच माहीत नाही.

अजून दोन प्रश्न त्यांचेच. तेजाबात चांदी विरघळते, तांबं विरघळतं, सोनं का नाही? आणि सोनं पिवळंच का, बाकी जवळपास सगळे धातू पांढरट असताना? कुणाला वेळ असेल तर सविस्तर लिहा, मी वडिलांना वाचून दाखवणार आहे.

---

अणुरेणू

घाटमाथा, तुमच्या वडिलांनी जे तीन प्रश्न विचारलेत ना, त्यात सोन्याचा आख्खा अणू येतो. मी फिजिक्स शिकवतो, सुरुवात करतो, बाकीचे भर घालतील.

सोन्याचा अणुक्रमांक ७९. म्हणजे मध्ये जे केंद्रक आहे त्यात ७९ प्रोटॉन. हा आकडा म्हणजेच सोनं. ७८ असते तर प्लॅटिनम, ८० असते तर पारा. सोबत ११८ न्यूट्रॉन, एकूण १९७. निसर्गात सापडणारं सगळं सोनं ह्या एकाच प्रकारचं आहे, स्थिर समस्थानिक (न्यूट्रॉनच्या संख्येवरून पडणारा प्रकार) फक्त सोनं-१९७. तांब्याचे दोन आहेत, चांदीचे दोन आहेत, पाऱ्याचे सात, सोन्याचा एकच. म्हणजे आजीच्या पाटलीतला अणू आणि हुट्टीच्या खाणीतून आज निघालेला अणू ह्यांच्यात काडीचा फरक नाही.

बाहेर ७९ इलेक्ट्रॉन, सहा कवचांत. आतून बाहेर २, ८, १८, ३२, १८ आणि शेवटी १. हा शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन लक्षात ठेवा, त्याचं नाव ६एस. त्याच्या लगेच खाली ५डी नावाची दहा इलेक्ट्रॉनची पूर्ण भरलेली पातळी आहे. तेजाब, रंग, काळं न पडणं, सगळं ह्या दोघांच्या भोवती फिरतं. मशीन मात्र ह्यांच्याकडे बघतच नाही, ते खूप आत घुसतं.

आकारमानाचा अंदाज द्यायचा तर, केंद्रकाची त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर आणि अणूची १४४ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे हजार फेम्टोमीटर), म्हणजे अणू केंद्रकाच्या वीस हजार पट मोठा. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं, चार मिलिमीटर, तर अणू ऐंशी मीटर रुंद होईल. गावच्या यात्रेचं कुस्त्यांचं मैदान डोळ्यासमोर आणा आणि मधोमध एक ज्वारीचा दाणा. वजन जवळपास सगळं त्या दाण्यात. आणि हे मुळात कळलं ते सोन्यावरच. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडन ह्यांनी पातळ सोन्याच्या वर्खावर अल्फा कण मारले, बहुतेक आरपार गेले, हजारोंतला एखादा उलटा फिरून आला, आणि त्यावरून रदरफोर्डनं १९११ मध्ये केंद्रक मांडलं. वर्खच का तर सोनं जितकं पातळ ठोकता येतं तितकं दुसरं काही येत नाही.

मशीनचं संध्याकाळी लिहितो, तास आहे.

---

शिक्षिका_बार्शी

सुंदर. मी नववीला ही आकृती फळ्यावर काढते पण "मैदानात ज्वारीचा दाणा" हे उद्यापासून वापरणार. एक प्रश्न, ७९ हाच आकडा आहे हे पहिल्यांदा कुणी मोजलं? पुस्तकात नुसतं अणुक्रमांक ७९ असं असतं.

---

अणुरेणू

ताई, तुमचा प्रश्न आणि मशीनचा प्रश्न एकच आहे, म्हणून इथेच लिहितो.

१९११ ला रदरफोर्डचा अंदाज शंभरच्या आसपास होता, नक्की नाही. नक्की मोजणारा मोझली, इंग्लंडचा, विशीतला पोरगा. त्यानं १९१३-१४ मध्ये एकेका मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण मोजले आणि बघितलं की ह्या किरणांची वारंवारता एकदम शिस्तीत, पायरी-पायरीनं वाढते. वारंवारतेचं वर्गमूळ काढलं की सरळ रेषा. ॲल्युमिनियमपासून सुरुवात करून तो सोन्यापर्यंत आला आणि सोन्याचा नंबर ७९ निघाला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईत तो मेला. वय २७. मला हे दरवर्षी वर्गात सांगताना गलबलून येतं.

तर घाटमाथा, तुमच्या दुकानातलं मशीन म्हणजे मोझलीचाच प्रयोग, डब्यात बसवलेला. आत एक छोटी क्ष-किरण नळी असते. तिचे किरण दागिन्यावर पडतात आणि अणूच्या आतल्या कवचातला एखादा इलेक्ट्रॉन उडवून लावतात. आत जागा रिकामी झाली की वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन खाली पडतो, आणि पडताना जी ऊर्जा सुटते ती क्ष-किरण बनून बाहेर येते. ही ऊर्जा किती हे प्रोटॉन किती ह्यावर ठरतं, म्हणून प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली. सोन्यात दुसऱ्या कवचातला उडाला आणि तिसऱ्यातला खाली आला तर ९.७१ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूतली ऊर्जा मोजायचं एकक). तांब्याची मुख्य रेषा ८.०५ हजार. चांदीची २२.१६ हजार. मशीनमधला डिटेक्टर फक्त मोजत बसतो की ९.७१ चे किती आले, ८.०५ चे किती आले, आणि त्या संख्यांवरून टक्के काढतो. म्हणून घासायला लागत नाही, वितळवायला लागत नाही.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला खूप आवडते. चांदी आणि तांब्यात मशीन सगळ्यात आतला, पहिल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतं. सोन्यात तसं करता येत नाही, कारण सोन्याचा पहिल्या कवचातला इलेक्ट्रॉन उपटायला ८०,७०० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि दुकानातली मशीनं साधारण ४०-५० हजार व्होल्टवर चालतात. म्हणून सोन्यात दुसऱ्या कवचावर भागवावं लागतं. आणि सगळ्यात बाहेरचा, तो एकटा ६एस? एकट्या सुट्या अणूतून तो काढायला फक्त ९.२. एकाच अणूत ९.२ आणि ८०,७००, म्हणजे पावणेनऊ हजार पटीचा फरक! भट्टी आणि तेजाब ह्यांची सगळी झटापट त्या ९.२ वाल्यापाशी चालते, आतल्यांना भट्टी पेटली होती हे कळतसुद्धा नाही.

---

पेढीवरून

आमची पिढ्यांची पेढी आहे, म्हणून व्यवहारातलं सांगतो. मशीन चांगलं आहे पण ते फक्त वरचा थर बघतं. सोनं इतकं जड आहे की आतून निघालेला क्ष-किरण बाहेर यायच्या आधीच सोनं त्याला गिळून टाकतं, काही मायक्रॉन खोलीच्या पलीकडचं मशीनला दिसत नाही, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कमी. त्यामुळे जाड मुलामा दिलेला असेल तर मशीन फसतं. आमच्याकडे एकदा एक वळं आलं, मशीनवर ९१.६ छान, कापलं तर आत दुसरंच. म्हणून हॉलमार्किंगमध्ये शेवटचा शब्द अजूनही भट्टीच्या कसाचाच असतो. नमुना तोलून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात, भट्टीत तांब्यासारखे हिणकस धातू शिशाबरोबर शोषले जातात, उरलेल्या गोळीतली चांदी तेजाबानं काढतात आणि उरलं ते परत तोलतात. गलाईवाल्यांना हे सांगायला नको.

टंगस्टनपासून सांभाळा. घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३, पाण्यात तोलून सुद्धा पकडता येत नाही. त्याला ध्वनीनं पकडतात, सोन्यात आवाज सेकंदाला साधारण ३२०० मीटर जातो, टंगस्टनमध्ये ५२०० च्या आसपास.

---

घाटमाथा

अणुरेणू सर, पेढीवरून दादा, रात्री फोन लावून सगळं वाचून दाखवलं. वडील मध्ये एक शब्द बोलले नाहीत, शेवटी म्हणाले "पोरगा सत्तावीसचा होता?" आणि मग म्हणाले तेजाबाचं विचार.

---

लिंबोणी

तेजाबाचं मी लिहिते, मी इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे आणि आता घरीच असते, खूप दिवसांनी हे लिहायला मिळतंय.

धातू ॲसिडमध्ये विरघळतो म्हणजे नक्की काय होतं, तर ॲसिड त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि उरलेला भारित अणू, म्हणजे आयन, पाण्यात निघून जातो. ही ओढाताण किती जोराची ते व्होल्टमध्ये मोजतात. तांबं ०.३४, चांदी ०.८०, आणि तेजाबाची म्हणजे नायट्रिकची ओढ ०.९६. म्हणून नायट्रिक तांब्याकडून आणि चांदीकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं. सोनं आहे १.५० ला. तिथे नायट्रिक हरतं. एवढंच आहे ते, सोनं खाली भुकटी होऊन बसतं.

अम्लराज मात्र सोनं विरघळवतं, एक भाग नायट्रिक तीन भाग हायड्रोक्लोरिक. लोकांना वाटतं दोन ॲसिड मिळून ताकद वाढते, तसं नाहीये. नायट्रिक तेवढंच आहे, पण हायड्रोक्लोरिकमधले क्लोराइड सोन्याच्या आयनभोवती चार बाजूंनी बसतात आणि त्याला परत येऊ देत नाहीत, त्यामुळे १.५० चा उंबरा उतरून १.०० च्या आसपास येतो. आता नायट्रिकला जमतं. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनला पोचलं तेव्हा शास्त्रज्ञ नील्स बोर ह्यांच्या संस्थेत ठेवलेली फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक ह्यांची नोबेल पदकं त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून तिथलेच रसायनशास्त्रज्ञ हेवेशी ह्यांनी अशीच अम्लराजात विरघळवली, बाटली फळीवर तशीच राहिली, युद्ध संपल्यावर सोनं परत काढलं आणि पदकं परत ओतली गेली. फक्त बाहेरचे इलेक्ट्रॉन गेले होते, ७९ प्रोटॉन जागेवर होते, त्यामुळे बाटलीत असतानाही ते सोनंच होतं.

काकांना एक विनंती. तेजाबाचा तो तांबूस धूर फुप्फुसाला फार वाईट असतो, त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. एक्झॉस्ट चालू ठेवूनच काम करा म्हणावं. आणि पारा लागून पांढरं पडलेलं मंगळसूत्र वगैरे आलं तर उघड्यावर तापवू नका.

---

चंद्रकोर

पण मूळ प्रश्न राहतोच ना लिंबोणी, सोनं १.५० ला का आणि चांदी ०.८० ला का? दोघी एकाच गटात, एकाखाली एक. दोघींच्या बाहेर एकच इलेक्ट्रॉन. खाली जाऊ तसा बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल व्हायला पाहिजे असं आम्हाला शिकवलं होतं, सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त चपळ वगैरे. सोनं उलटं का वागतं?

---

अणुरेणू

ह्याचं उत्तर म्हणजे आइनस्टाइन, आणि मी अजिबात अतिशयोक्ती करत नाहीये.

केंद्रकात ७९ प्रोटॉन असले की ओढ प्रचंड. सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनचा वेग ढोबळमानानं अणुक्रमांक भागिले १३७ इतका, प्रकाशाच्या वेगाच्या हिशेबात. हायड्रोजनला एक टक्काही नाही. तांब्याला २१ टक्के, चांदीला ३४, आणि सोन्याला ५८ टक्के, सेकंदाला एक लाख त्र्याहत्तर हजार किलोमीटर. एवढ्या वेगात आइनस्टाइनची सापेक्षता लागू होते, इलेक्ट्रॉन साधारण २२ टक्के जड असल्यासारखा वागतो आणि जड झाला की त्याची कक्षा आकसते. बाहेरचा ६एस सुद्धा आकसतो आणि घट्ट धरला जातो. म्हणून चांदीचा बाहेरचा काढायला ७.६ आणि सोन्याचा ९.२. सोनं उलट दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन घ्यायला तयार असतं, सीझियमबरोबर ठेवलं तर चक्क क्लोरीनसारखं ऋण आयन होतं, सीझियम ऑराइड.

६एस आत आला की केंद्रकावर पडदा जास्त पडतो आणि त्यामुळे ५डी थोडे वर येतात, सैल होतात. दोघांमधलं अंतर कमी झालं. आणि हे कमी झालेलं अंतर म्हणजेच पिवळा रंग.

---

बावधनचा_वारा

थोडी दुरुस्ती, राग मानू नका. बाहेरचा इलेक्ट्रॉन स्वतः ५८ टक्क्यांनी पळत नाही, तो आतला. ६एस बहुतेक वेळ लांब निवांत असतो, पण एस प्रकारच्या इलेक्ट्रॉनना केंद्रकाच्या अगदी जवळ जायची मुभा असते आणि त्या थोड्या वेळात तो वेग येतो, म्हणून आकसतो. डी आणि एफ वाले जवळ जातच नाहीत.

आणि रंग एकट्या अणूचा नसतो. सोन्याची वाफ केली तर ती सोनेरी दिसणार नाही. अणू एकत्र येऊन धातू होतो तेव्हा ह्या पातळ्यांचे पट्टे होतात. ५डी च्या पट्ट्यातून वर उडी मारायला सोन्यात साधारण २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे निळा-जांभळा प्रकाश. तो गिळला जातो, उरलेला लाल-पिवळा परत येतो. चांदीत हीच उडी ४ च्या आसपास आहे, तो अतिनील, आपल्याला दिसत नाही, म्हणून चांदी सगळा दिसणारा प्रकाश परत करते आणि पांढरी दिसते. सापेक्षता बाजूला ठेवून गणित केलं तर सोनं चांदीसारखं पांढरं यायला हवं. फिनलंडचे प्युक्को आणि फ्रान्सचे देक्लो ह्यांनी १९७९ मध्ये हे सगळं नीट मांडलं.

शेजारचा पारा द्रव का, ह्यामागेही मुख्यतः हेच. त्याचे दोन ६एस इतके आकसलेत की शेजारच्या अणूशी हात मिळवायला तयार नाहीत.

---

अणुरेणू

दोन्ही दुरुस्त्या मान्य, बरं झालं लिहिलंत. मी घाईत दोन्ही एकत्र केलं होतं.

---

शिक्षिका_बार्शी

मग तेजाबातून निघालेलं सोनं तपकिरी का दिसतं? घाटमाथा ह्यांच्याकडे तर रोजच दिसत असेल.

---

लिंबोणी

ते स्पंजासारखं असतं ताई, बारीक बारीक पोकळ्या. प्रकाश आत शिरला की आतल्या आत आपटत राहतो आणि दर वेळी थोडा गिळला जातो, फारच थोडा बाहेर येतो. मुशीत वितळवलं की पृष्ठभाग सपाट होतो आणि पिवळं झळकतं. आकारानं रंग बदलतो हे सोन्यात फार बघायला मिळतं. फॅरडेनं १८५७ मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात केले तर ते माणकासारखं लाल. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर जी गुलाबी रेघ येते ना, ती बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्याच कणांची असते.

---

घाटमाथा

वडिलांचा नवीन प्रश्न, आणि हा त्यांच्या हाताखालचा आहे. बावीस कॅरेटचा दागिना तसाच तेजाबात टाकला तर आतली चांदी निघत नाही. आधी त्यात अजून चांदी घालून आटवावं लागतं, सोनं पाव भाग होईपर्यंत, मगच तेजाब काम करतं. आजोबांपासून असंच करतात. चांदी काढायला चांदी घालायची, हे का?

---

बावधनचा_वारा

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलो.

सोन्याचे अणू एका चौकोनी घरात बसतात असं समजा, आठ कोपऱ्यांवर एकेक आणि सहा भिंतींच्या मधोमध एकेक. वाटण्या करून प्रत्येक घराच्या वाट्याला चार अणू. घराची बाजू ०.४०८ नॅनोमीटर. चांदीचं घर अगदी तसंच, बाजू ०.४०९! चांदी एक मजला वरची असून आकार तोच, कारण सोन्याच्या आत जे चौदा ४एफ इलेक्ट्रॉन भरलेत ते केंद्रकाची ओढ नीट झाकत नाहीत, त्यात वर सापेक्षतेनं आकसणं. म्हणून घर तेवढंच पण भाडेकरू जड, १०८ ऐवजी १९७, आणि घनता १०.५ ऐवजी १९.३.

आकार सारखा असल्यामुळे सोनं-चांदी कुठल्याही प्रमाणात मिसळतात, एकाच्या जागी दुसरा कुठेही बसतो. आता बावीस कॅरेटमध्ये चांदीचा अणू चारी बाजूंनी सोन्यानं वेढलेला. तेजाब वरचे दोन-चार चांदीचे अणू काढतं, मग समोर सोन्याची भिंत, पुढे वाट नाही. चांदी तीन भाग केली की चांदीला चांदी लागून सलग वाटा तयार होतात, तेजाब त्या वाटेनं थेट आतपर्यंत जातं आणि सगळी चांदी घेऊन बाहेर येतं. लिंबोणी म्हणाल्या तो स्पंज त्या वाटांचाच. तुमच्या आजोबांनी अणूंच्या वाटा उघडायचं प्रमाण हातानं शोधून ठेवलेलं होतं.

---

हिंगोलीकर

मी फक्त एवढं जोडतो की हे ७९ प्रोटॉन एकत्र आले कुठे. साध्या ताऱ्याच्या पोटातली जुळवणूक लोखंडापाशी थांबते. सोन्यासाठी न्यूट्रॉनचा भयंकर मारा लागतो, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा तो होतो. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी एक धडक गुरुत्वीय लहरींतून पकडली आणि नंतरच्या उजेडात जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. तसलीच वेधशाळा, लायगो इंडिया, आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतेय, मंजुरी २०२३ ला मिळाली. आम्ही सगळे वाट बघतोय.

---

पेढीवरून

माणसाला नाही का करता येत? शिशापासून सोनं?

---

अणुरेणू

येतं, पण अणू मोजून. शिशात ८२ प्रोटॉन, तीन काढले की सोनं. सर्न ह्या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत शिशाची केंद्रकं सुसाट एकमेकांच्या अगदी जवळून जातात तेव्हा हे घडतं, २०२५ मध्ये ॲलिस प्रयोगाच्या लोकांनी हिशेब दिला, २०१५ ते २०१८ मध्ये ८६ अब्ज सोन्याची केंद्रकं. वजन २९ पिकोग्रॅम. एका ग्रॅम सोन्यात तीनवर एकवीस शून्यं इतके अणू असतात, त्यावरून अंदाज घ्या. आणि ती केंद्रकंही क्षणात भिंतीवर आपटून फुटली.

---

घाटमाथा

मंडळी, उशिरा लिहितोय. रविवारी वडिलांना मशीनच्या स्क्रीनवर टक्क्यांऐवजी आलेख कसा बघायचा ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आता ते दर नगाला आलेख उघडतात. ९.७ चा उंच सुळका सोन्याचा, शेजारी ११.४ चा पण सोन्याचाच, ८ ला तांबं, २२ ला चांदी, हे त्यांना पाठ झालंय.

काल एक जुनी साखळी आली, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. टक्के ठीक होते. पण सांध्यावर मशीन लावलं तर चांदीच्या सुळक्याला चिकटून २३ च्या पुढे अजून एक बारीक सुळका दिसला. मला फोटो पाठवला, मी लिंबोणीताईंना व्यक्तिगत निरोप केला.

---

लिंबोणी

हो, इथेही सांगते. चांदी ४७, कॅडमियम ४८, एक प्रोटॉन जास्त म्हणून रेषा लगेच पुढे, २३.१७. ती केडीएमची साखळी होती, पूर्वी सांधा झाळायला कॅडमियम घालत. कॅडमियम ७६७ अंशाला उकळतं आणि सोनं वितळतं १०६४ ला, म्हणजे सोनं वितळायच्या आधीच सगळं कॅडमियम धुरात जातं आणि तो धूर फुप्फुस आणि किडनी दोन्हीला विषारी.

---

घाटमाथा

वडिलांनी ती साखळी तशीच अख्खी आटवली नाही. सांधे कातरीनं कापून वेगळे काढले आणि डबीत ठेवलेत, फक्त उरलेली साखळी मुशीत घातली. एक्झॉस्टचा बंद पडलेला पंखा दुरुस्तीला दिलाय, आणि शेजारच्या दोन गलाईवाल्यांना, दोघेही आमच्या आटपाडीकडचेच, दुकानात बोलावून तो २३ चा सुळका दाखवलाय.